पैसे गेले का? आधी १९३० लावा, रडायचं नंतर

माझं तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, पॅन कार्ड, स्कॉलरशिपचे फॉर्म, लाइट बिल असली कामं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीनच काम वाढलंय, आठवड्यातनं एखादा तरी माणूस दुकानात येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "दादा, खात्यातले पैसे गेले." पोलीस स्टेशनच्या आधी माझ्याकडे का, तर कंप्युटर माझ्याकडे आहे म्हणून. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढतो, वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

सगळ्यात आधी डोक्यातनं एक गोष्ट काढून टाका. आपल्याला वाटतं पोलिसात गेलो की पोलीस चोराला शोधायला निघणार. तसं नसतं. पहिले काही तास पोलीस चोराच्या मागे नसतातच, पैशाच्या मागे असतात. चोर कुठे झारखंडात बसलाय का मेवातमध्ये का परदेशात, ते नंतर बघता येतं, पण तुमचे पैसे कुठल्या तरी बँकेच्या कुठल्या तरी खात्यात पडलेत आणि तिथनं पुढे सरकायच्या आत अडवायचेत, एवढंच त्या वेळेला महत्त्वाचं असतं. हे एकदा कळलं की मग काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, हे आपोआप कळतं.

आमच्या गुरुजींचं सांगतो. मला चौथीला होते, आता रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला दुकानात आले, हातात मोबाईल असा लांब धरलेला, जसा काही साप आहे.

"अरे, जरा बघ रे, याच्यात काहीतरी बिघडलंय."

बघितलं तर व्हॉट्सॅपवर लग्नाची पत्रिका आलेली. पत्रिका म्हणजे फोटो नाही, एपीके फाईल, म्हणजे ॲपच.

"गुरुजी, उघडली का ही पत्रिका?"

"उघडली. पण आत काही दिसेना, म्हणून परत उघडली."

तीन मेसेज बँकेचे. ४९,९९९, परत ४९,९९९, मग ३५,०००. पहिला मेसेज दुपारी चार दहाचा. म्हणजे जवळजवळ तीन तास गेलेले, आणि त्या तीन तासांत गुरुजींनी काय केलं तर पुण्याला मुलाला फोन केला, मुलगा म्हणाला सोमवारी बँक उघडली की जाऊ. मुलगा शिकलेला आहे, इंजिनियर आहे, तरी हे उत्तर! लोकांना खरंच वाटतं की बँक बंद म्हणजे सगळं बंद. चोराला शनिवार-रविवार नसतो, उलट शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हाच त्याचा सीझन.

तर पहिलं काम, १९३० ला फोन. नंबर देशभर एकच आहे, केंद्राच्या गृहखात्याच्या आय-फोर-सी नावाच्या यंत्रणेचा, पण कॉल घेतात ते त्या त्या राज्याचे पोलीस. महाराष्ट्र सायबरचा १९४५ हा नंबरपण आहे. लागला नाही तर परत लावा, परत लावा, दुसऱ्या फोनवरनं लावा. एकजण इकडे नंबर लावत बसू द्या आणि दुसऱ्याने तिकडे सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर फायनान्शियल फ्रॉडमध्ये तक्रार भरायला घ्या. दोन्ही वाटा शेवटी एकाच सिस्टीममध्ये जातात.

फोनवर काय विचारतात ते आधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी "थांबा हं, बघतो" करण्यात दहा मिनिटं जातात. तुमचं नाव, मोबाईल नंबर, जिल्हा आणि पोलीस स्टेशन. पैसे ज्यातनं गेले त्या बँकेचं नाव आणि खाते नंबर, कार्डवरनं गेले असतील तर कार्ड नंबर. मग प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या एका व्यवहाराचा ओळख नंबर. हा यूटीआर म्हणजे सगळ्या तक्रारीचा जीव आहे. यूपीआयला तो १२ आकडी असतो, बँकेच्या मेसेजमध्ये असतो किंवा ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर दाबलं की खाली बारीक अक्षरात दिसतो. लोक काय करतात, ॲपचा स्वतःचा लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी देतात, टी ने सुरू होणारा वगैरे, त्याने शोधायला वेळ लागतो. १२ आकडी द्या. कार्डचा पिन, ओटीपी, सीव्हीव्ही १९३० वाले कधीच विचारत नाहीत, कोणी विचारला तर तुम्ही भलत्याच नंबरवर आहात. आणि नंबर गूगलवर शोधू नका, चार आकडे आहेत, पाठ करा. गूगलवर कस्टमर केअर म्हणून चोरांनीच आपले नंबर टाकून ठेवलेले असतात.

गुरुजींचा कॉल दुसऱ्यांदा लागला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरनं तरुण, मागे बाकीच्या लोकांचे पण फोन चालू असल्याचा कालवा. गुरुजी आपले सुरुवातीपासून सांगायला लागले, की ती वरच्या आळीतली पोरगी, तिचे वडील माझे विद्यार्थी, त्यांच्या नंबरवरनं पत्रिका आली... बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, ते नंतर ऐकते, आधी मला यूटीआर सांगा, एकेक आकडा." हेच ते. गोष्ट नंतर, आकडे आधी. सहा-सात मिनिटांत काम झालं, मोबाईलवर पोचपावतीच्या नंबरचा मेसेज आला. तो नंबर जपा. फोनवरची तक्रार ही अर्धी तक्रार आहे, त्या नंबरवरनं चोवीस तासांच्या आत साइटवर जाऊन पूर्ण माहिती भरायची असते, आणि हे नेमकं लोक विसरतात, फोन केला ना, झालं, असं म्हणून झोपतात.

आता फोन ठेवल्यावर पलीकडे काय होतं ते सांगतो, म्हणजे घाई कशासाठी ते पटेल. तुमची माहिती सिस्टीममध्ये पडली की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे जाते. ती बँक बघते, पैसे अजून खात्यात आहेत का. असले तर तेवढी रक्कम होल्ड, चोराला काढता येत नाही. नसले तर कुठल्या खात्यात गेले ते ती बँक लिहिते आणि तक्रार आपोआप त्या पुढच्या बँकेकडे जाते. मग ती पुढची बघते. पोलीस याला लेयर म्हणतात, पहिला लेयर, दुसरा लेयर. चोरांचे पैसे काही मिनिटांत एका खात्यातनं पाच खात्यांत, पाचातनं पंधरात फुटतात, आणि मग कोणीतरी एटीएममधनं काढतो, कोणी चेकने काढतो, कोणी क्रिप्टोत घालतो. नोटा हातात आल्या की साखळी तुटली. तुम्ही तासाभरात फोन केला तर बँका पहिल्या-दुसऱ्या लेयरला गाठतात, सोमवारी केला तर दहाव्या लेयरच्या मागे धावत बसतात.

ही खाती कोणाची असतात? हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. चोराची नसतातच. कॉलेजच्या पोरांची, रिक्षावाल्याची, हमालाची, पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम आणि सिम कार्ड कोणाला तरी "वापरायला" दिलेलं असतं. आणि पोलीस आधी पोचतात ते यांच्याकडेच. पुण्यातलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल, ऑगस्ट २०१८, बँकेची सिस्टीम हॅक करून ९४ कोटी रुपये दोन दिवसांत गेले, २८ देशांतल्या एटीएममधनं पैसे काढले गेले. एवढा आंतरराष्ट्रीय डाव, पण पुणे पोलिसांच्या हाताला धागा लागला तो इथल्याच एटीएमसमोर बनावट कार्डं घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांचा, सीसीटीव्हीतनं. २०२३ मध्ये कोर्टाने ११ जणांना दोषी धरलं. डोकं कुठल्या देशात होतं देव जाणे, तुरुंगात गेले ते हातपाय. त्यामुळे तुमच्या घरातला पोरगा म्हणाला की मित्र खातं वापरायला मागतोय, महिन्याला पाच हजार देतो, तर तिथंच कानाखाली ओढा. पोलिसांपेक्षा तुमची स्वस्त पडेल.

मोबाईलचं काय करायचं हे पण महत्त्वाचं. ओटीपी देऊन फसलात तर मोबाईल तसाच राहू द्या, काही डिलीट करू नका. पण गुरुजींसारखी एपीके उघडली असेल तर आधी इंटरनेट आणि वायफाय बंद, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. कारण ते ॲप तुमचे मेसेज गुपचूप पुढे पाठवत असतं, तुम्ही इकडे तक्रार करताय आणि तिकडे ओटीपी जातोच आहे असं होतं. बँकेचे जुने मेसेज इंटरनेटशिवाय पण वाचता येतात, ते दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून ठेवा. साध्या फोनमधनं ##००२# डायल केलं की कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर तेही सुटतं. आणि दुकानदार सांगेल की "फॉरमॅट मारून देतो, शंभर रुपये". मारू नका. त्या फाईलचं नाव, कुठल्या नंबरवरनं किती वाजता आली, हे सगळं पोलिसांना लागतं, ते फाईल उघडून बघतात की मेसेज कुठे पाठवले जात होते. फॉरमॅट पोलिसांना विचारून, नंतर.

त्याच रात्री बँकेलाही वेगळं कळवा. १९३० ला सांगितलं म्हणजे बँकेला सांगितलं असं धरू नका. बँकेच्या ॲपमधनं किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरनं कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करून तक्रार नंबर घ्या, आणि सकाळी ईमेल किंवा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, मी त्याची प्रिंट दुकानात लावलीय. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, तिसरीकडेच काही घडलं असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमच्यावर बोजा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवलं तर मर्यादित. आणि ओटीपी तुम्ही स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर ते बँकेचं. म्हणून वेळ लिहिलेली पोच पाहिजे. काउंटरवरचा माणूस म्हणतो "साहेब लंचला गेलेत, ठेवून जा," तर ठेवून जाऊ नका, शिक्का मारून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं असंच झालं, अर्ज ठेवून आल्या, आठ दिवसांनी बँक म्हणे अर्जच नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे.

आता साइटवरच्या तक्रारीबद्दल दोन शब्द. हकीकत लिहायला जागा असते, तिथे लोक एकतर "माझे पैसे गेले मदत करा" एवढंच लिहितात नाहीतर रामायण. तिथे किमान २०० अक्षरं लागतात आणि चिन्हं घातली तर फॉर्म अडतो, हे माहीत नसल्यामुळे अर्धे लोक वैतागून सोडून देतात. साधी तारीखवार हकीकत लिहा, अमुक वाजता मेसेज आला, अमुक वाजता उघडला, इतके गेले. स्क्रीनशॉट आणि बँक स्टेटमेंट जोडा. संशयिताचा नंबर, यूपीआय आयडी, इन्स्टाचं प्रोफाईल असेल तर नुसतं नाव नाही, पूर्ण लिंक द्या, कारण नाव तो पाच मिनिटांत बदलतो.

आणि हो, साइटवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. तक्रार तुमच्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे किंवा स्थानिक पोलीस स्टेशनला जाते, ते बघतात आणि मग गुन्हा दाखल होतो. मुंबईत २०२१ पासून विभागवार पाच सायबर पोलीस स्टेशनं आहेत, जिल्ह्यांत २०१६ ला सायबर लॅब निघाल्या तिथनं पुढे हे वाढत गेलं, पण तालुक्याच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे एसटीने दीड तास. तर आपल्या जवळच्या स्टेशनला जा. गुरुजींबरोबर मी गेलो होतो, कुठल्या स्टेशनला ते सांगत नाही, ठाणे अंमलदार म्हणाले हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा, आमची हद्द नाही. मी नम्रपणे म्हटलं, साहेब, नवीन कायद्यात हद्द असो नसो माहिती घ्यायचीच आहे ना. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, झिरो एफआयआर त्यातच आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गुरुजींच्या टोपीकडे बघितलं, आणि खुर्ची पुढे सरकवली. भांडू नका, कलमाचा आकडा शांतपणे सांगा, फरक पडतो. तरीही नाहीच म्हणाले तर तेच कलम सांगतं की पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाने चालतं, आणि त्यानंतरही नाही तर मॅजिस्ट्रेट.

पोलिसांच्या बाजूनेही बघा जरा. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि छोट्या स्टेशनला इन्स्पेक्टर असून असून किती, एक-दोन. त्याच माणसाला बंदोबस्त, मोर्चा, यात्रा, खून. त्यात तुमची तक्रार यूटीआरशिवाय, स्टेटमेंटशिवाय आली तर ती फाईलच्या तळाला जाणार, यात नवल नाही. म्हणून जाताना फाईल तयार करून न्या: पोचपावती, सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारलेलं, स्क्रीनशॉटच्या प्रिंट, आधारची झेरॉक्स, आणि एका पानावर हकीकत. दोन सेट. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि ऑफिसचा नंबर लिहून घ्या.

आता होल्ड झालेले पैसे. होल्ड झाले म्हणजे परत मिळाले असं नाही, ते चोराच्या खात्यात गोठलेत. तुमच्याकडे यायला साधारणपणे कोर्टाचा आदेश लागतो. पोलिसांचा रिपोर्ट घेऊन मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, जुन्या कायद्यात ते ४५७ होतं, जुने वकील अजून ४५७ च म्हणतात. किती रक्कम कुठल्या बँकेत होल्ड आहे हे तपास अधिकाऱ्याला सिस्टीममध्ये दिसतं, ते लेखी मागा. वेळ लागतो, चिकाटी लागते.

याच काळात दुसरा फोन येतो, लक्ष ठेवा. "मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्या माणसाची यादी चोर एकमेकांना विकतात. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत, क्यूआर पाठवत नाहीत. आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, नावाचा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सुद्धा हे सांगितलं, तरी माणसं खाकी शर्टवाला व्हिडिओ कॉल बघून दोन-दोन दिवस खोलीत बसतात. खरा पोलीस तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवत नाही हो, तो स्टेशनला बोलावतो आणि तिथे तासभर बाकावर बसवतो.

उलटा त्रासही असतो. आमच्या बाजारातला एक भाजीवाला, कोणीतरी क्यूआरवर ३०० रुपयांची भाजी घेतली, ते पैसे कुठल्या तरी फ्रॉडच्या पाचव्या लेयरचे निघाले, आणि याचं अख्खं खातं बंद. अशा वेळी बँकेकडनं तक्रार नंबर आणि कुठल्या राज्याच्या कुठल्या पोलिसांनी कळवलंय ते लेखी घ्या, त्यांना ईमेल करा, धंद्याचा पुरावा, स्टेटमेंट, आधार जोडा आणि मागणी एवढीच करा की वादातल्या रकमेवरच होल्ड ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. याचं दीड महिन्याने सुटलं. तोपर्यंत बिचारा बायकोच्या क्यूआरवर भाजी विकत होता.

फोटो-व्हिडिओवरनं ब्लॅकमेल असेल तर एक रुपया देऊ नका, दिला की पुढचा आकडा येतो. चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक करा. बायका आणि मुलांच्या बाबतीतल्या अशा तक्रारी त्याच साइटवर नाव न देताही करता येतात. पोरगी घरी सांगायला घाबरते, म्हणून आयांनी हे माहीत करून घ्या.

पैसे जायच्या आधीचं कामही पोलीस करतात, पण बोलावलं तर जास्त करतात. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात पोरांना स्टेशनमध्ये नेऊन बंदुका दाखवतात, शाळेत येऊन बोलतात. तसंच गणपतीत, हळदीकुंकवाला, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला तुम्ही पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या, विषय "सायबर फसवणूक, मार्गदर्शनाबाबत", तारीख-वेळ आणि एका माणसाचा फोन नंबर. आमच्या मंडळाने दिला, एक महिला हवालदार आल्या, भाषण नाहीच केलं, सगळ्यांना मोबाईल बाहेर काढायला लावले आणि प्रत्येकाकडनं १९३० हा नंबर सेव्ह करून घेतला, "पोलीस पैसे" या नावाने. मग प्रत्येकाला यूपीआय उघडून यूटीआर कुठे दिसतो ते दाखवलं. अर्ध्या तासात काम झालं.

गुरुजींचे १,३४,९९८ पैकी ३५,००० शेवटच्या व्यवहाराचे, ते पहिल्याच खात्यात सापडले आणि अडकले. बाकीचे दोन दुपारी साडेचारच्या आतच दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधनं निघाले होते, म्हणजे मुलाला फोन चालू होता तेव्हाच. कोर्टाचा आदेश पाच महिन्यांनी आला. पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी दुकानात पेढे घेऊन आले, आणि खिशातनं मोबाईल काढून म्हणाले, "अरे, ही बारशाची पत्रिका आलीय. उघडू का?"

फोटो होता. तरी मी आधी घेऊन बघितला.